कुऱ्हाड दर घावाला लाकडात रुतून बसते? धार लावण्याआधी हे तपासा

लाकूड फोडताना सगळ्यांत जास्त वैताग आणणारी तक्रार एकच असते. घाव बसतो, पातं दोन बोटं आत जातं आणि तिथेच रुतून बसतं. ओंडका जसाच्या तसा. मग दांडा हलवा, पायाने ओंडका दाबा, कुऱ्हाड उपसा, पुन्हा घाव, पुन्हा तेच. शेवटी ढीग छोटा आणि मनगटं मोठी होतात. यावर बहुतेक जण दोनच उपाय करतात: धार लावतात, नाहीतर आणखी जड कुऱ्हाड आणतात. पहिल्या उपायाने त्रास बहुधा वाढतो आणि दुसऱ्याने खांदे भरून येतात.

ताकद कमी पडल्यामुळे कुऱ्हाड रुतते, असं क्वचितच होतं. लाकूड फुटतं ते त्याचे तंतू एकमेकांपासून सुटतात म्हणून. तंतू लांबीच्या दिशेने ताणून तोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या कित्येक पटींनी कमी जोरात ते बाजूला विलग होतात. फोडणाऱ्याने हा दुबळेपणा वापरायचा असतो. पातं आत शिरलं पण त्याने दोन्ही बाजू सारल्या नाहीत, किंवा सारल्या पण चिरेला पुढे जायला सोपी वाट नाही, तर ते अडकणारच. म्हणून आधी पात्याचा आकार, मग घावाची जागा, मग लाकूड आणि धार सगळ्यांत शेवटी, हा क्रम ठेवा.

आधी पात्याचे गाल बघा

कुऱ्हाड हातात घेऊन वरच्या बाजूने न्याहाळा, म्हणजे धारेपासून नेढ्यापर्यंत (दांडा बसतो त्या भोकापर्यंत) पात्याच्या दोन्ही बाजूंची, म्हणजे गालांची, जाडी कशी वाढत जाते ते दिसेल. पातं लांबवर पातळ आणि सपाट असेल, आणि नेढ्याजवळ आल्यावरच जाड होत असेल, तर ती झाड तोडण्याची किंवा फांद्या छाटण्याची कुऱ्हाड आहे. तिचं काम तंतू आडवे कापत खोल शिरणं. तिला तुम्ही ओंडक्याच्या तोंडावर उभी मारता तेव्हाही ती इमानाने तेच करते: खोल शिरते, आणि दोन्ही बाजूंचे तंतू तिच्या सपाट गालांना करकचून धरून ठेवतात. तिला आणखी धार लावली की ती आणखी खोल जाते आणि आणखी घट्ट बसते. धार लावून त्रास वाढतो तो असा.

फोडण्याच्या कुऱ्हाडीचे गाल धारेच्या थोडंसंच मागे फुगलेले असतात. थोडं आत गेलं की जाड भाग लगेच लाकडाला बाजूला रेटायला लागतो आणि चीर पात्याच्या पुढे धावते. चीर पुढे धावली की गालांवरचा दाब सुटतो. खरं तर चांगल्या घावात धारेला लाकूड लागतं ते पहिल्या बोटभरच. बाकीचं काम गाल करतात.

एक सोपी परीक्षा आहे. रुतलेली कुऱ्हाड लगेच उपसू नका, आधी बघा. निम्म्याहून जास्त पातं आत गेलंय आणि तरी पुढे चीर नाही, तर पातं या कामासाठी पातळ आहे. जेमतेम बोटभर आत गेलंय आणि तिथेच थांबलंय, तर दोष पात्याचा नाही. तुम्ही गाठीवर किंवा पिळावर (वळलेल्या तंतूंवर) मारताय, नाहीतर ओंडक्याच्या नको त्या जागी मारताय.

पातळ कुऱ्हाड टाकून द्यायची गरज नाही. सरळ रेषेचं, मनगटाएवढं ते दंडाएवढं लाकूड ती छान फोडते. मोठ्या ओंडक्याच्या कडेच्या फळ्या सोडवायलाही चालते. फक्त जाड, गाठाळ ओंडक्याच्या मध्यावर तिला पाठवू नका.

नवीन घ्यायची असेल तर वजनाचा विचार थंड डोक्याने करा. एका हाताची हातकुऱ्हाड साधारण अर्धा ते पाऊण किलोच्या डोक्याची असते. दोन हातांची फोडकुऱ्हाड दीड ते अडीच किलोंची. स्प्लिटिंग मॉल या नावाने मिळणारी, एका बाजूला पातं आणि दुसऱ्या बाजूला घणासारखा तुंबा असलेली जड फोडकुऱ्हाड अडीच ते चार किलोंपर्यंत जाते. जास्त जड म्हणजे जास्त चांगली हा समज मात्र सोडा. घावाची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट. वेग दुप्पट झाला तर चौपट. चार किलोंचं डोकं सुरुवातीला दणदणीत वाटतं, पण हात थकले की वेग पडतो, नेम चुकतो आणि सगळा फायदा जातो. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी दोन-अडीच किलोंच्या आसपास थांबावं, आणि जे ओंडके त्याला दाद देत नाहीत त्यांच्यासाठी पाचर आणि घण वेगळे ठेवावेत. नेम चार घावांत एकाच रेषेवर बसणं हे वजनापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दांड्याची लांबी वेगासाठी महत्त्वाची आहेच, पण पायांसाठी जास्त महत्त्वाची आहे. दोन हातांनी डोक्यावरून मारायच्या कुऱ्हाडीला ८० ते ९० सेंटिमीटरचा दांडा हवा. घाव चुकला तर लांब दांड्याची कुऱ्हाड तुमच्यापासून दूर, ठोकळ्यात किंवा जमिनीत जाते. पन्नास-साठ सेंटिमीटरच्या दांड्याला तशाच जोराने फिरवलं तर चुकलेल्या घावाचा गोल थेट नडगीपाशी संपतो. लहान कुऱ्हाड सुरक्षित वाटते ती हातात हलकी लागते म्हणून. पूर्ण झोक्यात ती लांब दांड्याच्या कुऱ्हाडीपेक्षा धोकादायक असते. लहान दांडा असेल तर गुडघ्यावर बसून मारा, म्हणजे पाय त्या गोलाच्या बाहेर राहतात.

जाता जाता एका वेगळ्या हत्याराबद्दल. फिनलंडच्या हैक्की कार्ना यांनी बनवलेल्या विपुकिर्वेस नावाच्या कुऱ्हाडीचं डोकं मुद्दाम एका बाजूला जड असतं. घाव बसताच ते स्वतःभोवती वळतं आणि तरफेसारखं फळीला बाजूला उचकटतं, त्यामुळे ते खोल रुततच नाही. कल्पना हुशारीची आहे. पण ती वापरताना दांडा आवळून धरायचा नसतो, वळू द्यायचा असतो. हाताला जुनी सवय असली तर ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. सरळ रेषेच्या लाकडात ती उत्तम, गाठाळ लाकडात तिचा फायदा फारसा उरत नाही.

घाव कुठे घालताय?

आकार बरोबर असूनही कुऱ्हाड रुतत असेल तर बहुतेक वेळा कारण जागेत सापडतं. जाड ओंडका समोर आला की आपण बरोब्बर मध्यावर नेम धरतो. मध्याला चारी बाजूंनी लाकडाचा वेढा असतो. चिरेला मोकळ्या कडेपर्यंत पोचायला सगळ्यांत लांबचा रस्ता तिथून असतो. मधोमध घाव रुतणार नाही तर काय होणार?

घाव कडेवर घाला. तुमच्या बाजूच्या कडेवर, म्हणजे पात्याची एक टोकाची बाजू सालीच्या जवळ येईल असा. तिथे चिरेला एका बाजूने मोकळी वाट असते. मग त्याच रेषेत पुढचा घाव थोडा आत, मग आणखी आत, असं करत व्यासावरून पलीकडे जा. प्रत्येक घावाला जागा बदलत राहिलात तर ओंडक्यावर नुसती नक्षी होते. पलीकडच्या कडेवर मात्र कधी मारू नका. अंदाज जरासा लांबला की पातं ओंडक्याच्या पुढे जातं आणि दांडा, नेमका डोक्याखालचा भाग, कडेवर आपटतो. दांडे मोडतात ते बहुतेक इथेच.

मारण्याआधी ओंडक्याचं तोंड वाचा. सुकत आलेल्या लाकडावर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या भेगा दिसतात. लाकूड सुकताना वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, ते गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेतल्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. त्या ताणाने या भेगा पडतात. म्हणजे लाकडाने स्वतःच कुठून फुटायचं ते दाखवून ठेवलेलं असतं. सगळ्यांत रुंद भेग निवडा आणि पातं त्या भेगेच्या लांबीवर बसेल असं मारा. भेगेला आडवा घाव घातलात तर ती मदत वाया गेली.

गाठ म्हणजे ओंडक्यात शिरलेली फांदी. तिचे तंतू गाभ्यापासून बाहेर, खोडाच्या तंतूंना आडवे जातात. चीर फांदीच्या लांबीवरून गेली तर गाठ उभी दुभंगते, तंतू तुटावे लागत नाहीत. चीर फांदीला आडवी गेली तर अख्खी फांदी कापावी लागेल, आणि ते फोडकुऱ्हाडीचं काम नाही. त्यामुळे एक तर गाठीला पूर्ण टाळणारी रेषा घ्या, नाहीतर गाभा आणि गाठ यांना जोडणारी रेषा घ्या. या दोन्हींच्या मधली रेषा कुऱ्हाड खाते. ओंडका उभा करताना गाठीचं टोक खाली ठेवा, म्हणजे चीर निदान सुरू तरी निर्मळ लाकडात होते; एकदा तिने वेग घेतला की पुष्कळदा ती गाठीतूनही निघून जाते.

पिळाचं लाकूड ओळखायचं ते सालीवरून. सालीच्या रेषा वर जाताना खोडाभोवती वळत असतील तर आतले तंतूही वळलेले आहेत. निलगिरीत हे नेहमी दिसतं. चिंचेसारख्या लाकडात तर एकामागून एक थर उलटसुलट दिशेला कललेले असतात, आणि कुठल्याही सरळ चिरेला काही तंतू आडवे येतातच. असा ओंडका दोन तुकड्यांत फोडायचा हट्ट धरू नका. भोवतीने फिरत कडेच्या तीन-चार बोटं जाडीच्या फळ्या सोडवत जा, वलयांना समांतर. प्रत्येक घावाला थोडंच लाकूड तोडायचं असल्याने कुऱ्हाड रुतत नाही, आणि मध्ये उरलेला गाभा शेवटी आटोक्यात येतो. इथे एक विरोधाभास वाटेल: वर म्हटलं गाभ्यातून जाणारी रेषा सोपी, आणि आता म्हणतोय वलयांना समांतर मारा. सरळ तंतूंच्या लाकडात, विशेषतः ओकसारख्या ठळक किरणरेषा (गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषा) असलेल्या लाकडात, गाभ्यातून जाणारी चीरच सोपी. पिळाच्या जाड ओंडक्यात ती वाट इतकी लांब होते की कडेची छोटी, कठीण वाट परवडते.

लांबीचाही मोठा हात असतो. पन्नास सेंटिमीटरचा ओंडका आणि तीस सेंटिमीटरचा ओंडका यांत पहिल्यात चिरेला कापायचं अंतर दीडपटीहून जास्त आहे. गाठाळ किंवा पिळाचं लाकूड करवतीने आधीच आखूड कापा, पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत. आणि तोंडं काटकोनात कापा. डुगडुगणाऱ्या ओंडक्यावर अर्धा घाव डुगडुगण्यातच जिरतो.

खालचा ठोकळा आणि उभं राहणं

मातीवर ओंडका ठेवून मारलं तर माती दबते आणि घावाचा जोर गिळते. शिवाय पातं दगडावर जातं. खाली रुंद, जड, शक्यतो गाठाळ ठोकळा हवा (जो फोडायला जमला नाही तोच बहुधा उत्तम ठोकळा होतो). उंची गुडघ्याच्या खालीच ठेवा, तीस-चाळीस सेंटिमीटर. ठोकळा उंच असला की पातं ओंडक्यावर आडवं होण्याआधीच आदळतं आणि टोकाने टोचतं. फार जाड ओंडक्याला मात्र ठोकळ्यावर चढवायच्या फंदात पडू नका, जमिनीवर फळी टाकून तिथेच फोडा.

ओंडका ठोकळ्याच्या मधोमध न ठेवता पलीकडच्या बाजूला ठेवा. घाव आखूड पडला तर मध्ये ठोकळा येतो, पाय नाही. पाय खांद्याएवढे फाकवून समोरासमोर उभे राहा, एक पाय पुढे नको. घाव उतरताना गुडघे वाकवा आणि हात खाली येऊ द्या, म्हणजे पातं शेवटच्या क्षणी सरळ उभं खाली जातं. ताठ उभं राहून मारणाऱ्याचा घाव गोलाकार स्वतःकडे येतो. आणि नजर घावाच्या जागेवर ठेवा, कुऱ्हाडीवर नको.

ढलप्या उडून जातात, त्या गोळा करण्यात पाठ जाते, अशी तक्रार असेल तर जुना टायर ठोकळ्यावर खिळून टाका आणि त्याच्या आत ओंडके उभे करा. फुटलेले तुकडे आतच उभे राहतात, भोवती फिरत पुन्हा पुन्हा फोडता येतात. सोय म्हणून ही युक्ती मला आवडते.

पातं रुतत नाही, उलट उसळतं

हा वेगळा आजार, आणि इथे धारेचा प्रश्न खरा असतो. घाव घातल्यावर 'टण्' आवाज येऊन कुऱ्हाड उडाली, लाकडावर फक्त चेपलेली खूण राहिली, तर धार इतकी गोल झाली आहे की तिला तंतूंच्या मध्ये शिरताच येत नाही. फोडकुऱ्हाडीची धार वस्तऱ्यासारखी नको, पण गोटाही नको. तीस ते पस्तीस अंशांचा कोन तिला पुरतो. तोडण्याच्या कुऱ्हाडीला वीस-पंचवीस अंश लागतात. तेवढी बारीक धार फोडताना गाठीवर लगेच चेपते किंवा तिचे कपचे उडतात.

धार लावायला साधी कानस पुरते. कुऱ्हाडीचं पोलाद कानशीपेक्षा मऊ ठेवलेलं असतं ते कानस चालावी म्हणूनच. कुऱ्हाड शिकंज्यात (व्हाइसमध्ये) किंवा दोन ठोकळ्यांत घट्ट पकडा, जाड हातमोजे घाला, कानस पुढे ढकलताना दाबा आणि मागे आणताना उचला. दोन्ही गालांवर सारखेच हात मारा, नाहीतर धार एका बाजूला सरकते आणि घाव तिरके जायला लागतात. धारेला उलट्या बाजूला बारीक पोलादी काठ जाणवला की ती बाजू झाली. शेवटी सहाणेच्या दगडाने तो काठ काढा.

ग्राइंडर वापरायचा मोह टाळलेला बरा. धारेचं पातळ पोलाद क्षणात तापतं. फिकट पिवळा रंग साधारण २२० अंश सेल्सिअसला येतो, निळा तीनशेच्या आसपास. निळी झालेली धार मऊ पडलेली असते आणि तेवढा भाग घासून काढल्याशिवाय ती पुन्हा टिकत नाही. वापरायचाच असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा.

धार ठीक असूनही उसळत असेल तर लाकूड फार सुकं आणि टणक आहे. बाभळीचा किंवा सुरूचा वर्षानुवर्षं उन्हात पडलेला ओंडका याचं नेहमीचं उदाहरण. अशा ओंडक्याच्या तोंडावर करवतीने दोन बोटं खोल खाच पाडा आणि पातं किंवा पाचर त्या खाचेत बसवा.

यातूनच ओलं फोडावं की सुकं, हा प्रश्न निघतो. पिळाचं आणि टणक लाकूड तोडल्या तोडल्या, ओलं असतानाच फोडा. सुकल्यावर ते सोडत नाही. सरळ रेषेचं, नीट भेगा पडणारं लाकूड थोडं सुकलेलं जास्त छान फुटतं. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांच्या खाली गेल्यावरच ते आकसायला लागतं, म्हणून भेगा दिसायला वेळ लागतो. जळायला ते वीस टक्क्यांच्या खाली यायला हवं, आणि फोडलेलं लाकूड अख्ख्या ओंडक्यापेक्षा फार लवकर तिथे पोचतं, कारण सालीतून ओल जवळजवळ निघतच नाही. थंड प्रदेशात गोठलेलं ओलं लाकूड काचेसारखं तडकतं, ही तिथल्यांची चैन. पण त्या थंडीत पोलादही ठिसूळ होतं, त्यामुळे पहिला घाव घालण्याआधी धार जरा ऊबेत आणावी लागते.

पाचर आणि घण

कुऱ्हाड हरते तिथे पाचर. दीड-दोन किलोंची पोलादी पाचर, तीन-चार किलोंचा घण. एक पाचर कधीच पुरत नाही. दोन तरी हव्यात, तीन असतील तर उत्तम. पहिली पाचर रुतली की दुसरी त्याच चिरेत पुढे ठोकायची, चीर रुंदावते आणि पहिली सुटते. एकच पाचर असणाऱ्याची पाचर ओंडक्यात राहते आणि ओंडका अंगणात.

सुरुवात हलक्या ठोक्यांनी, पाचर स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत. पहिल्याच घावाला जोर लावला की ती गोळीसारखी उडून येते. उभी राहिली की हात मागे घ्या आणि मगच घण उचला. कान उघडे ठेवा. चीर पसरत असेल तर लाकूड आतून कडकड करतं. तेव्हा थोडं थांबा, पुष्कळदा पुढचं लाकूड स्वतःच सोडतं. कडकड थांबली आणि ठोक्याचा आवाज चढत गेला, तर पाचर पुढे न जाता तिथेच दबते आहे. मग आणखी ठोकू नका, दुसरी पाचर लावा.

वापराने पाचरेचं डोकं चेपून कडा बाहेर वळतात, छत्रीसारख्या. त्या कडा घासून काढा, लगेच. घणाच्या घावाला त्यातून पोलादाचे तुकडे उडतात आणि ते डोळ्यांत किंवा मांसात घुसतात. पोलादावर पोलाद मारताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, यात सवलत नाही. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाचरी हलक्या कामाला चांगल्या. चीर एकदा पडली की ती उघडी धरायला लाकडी पाचर पुरते, आणि तिच्यावर कुऱ्हाड आपटली तरी धार जात नाही.

कुऱ्हाडीचा तुंबा घण म्हणून वापरणं आणि रुतलेल्या कुऱ्हाडीच्या तुंब्यावर घण मारणं, या दोन्ही सवयी एकाच ठिकाणी नेतात. साध्या कुऱ्हाडीच्या नेढ्याच्या भिंती पातळ असतात. मारामारीने नेढं फाकतं, दांडा सैल होतो, आणि वाईट दिवशी भिंतीला तडा जातो. जड फोडकुऱ्हाडीचा तुंबा पाचर ठोकायला बनवलेला असू शकतो, पण सगळ्यांचा नसतो. घेताना तेवढं विचारून घ्या. कुऱ्हाडीवर कुऱ्हाड मात्र कधीच नको. दोन्ही टणक पोलादं, कपचा कुठे उडेल याचा नेम नाही.

रुतलेली काढायची कशी

दांडा डावी-उजवीकडे हलवू नका. नेढ्याजवळचा दांड्याचा भाग सगळ्यांत बारीक असतो आणि आडवा जोर तोच घेतो. पात्याच्या पातळीतच, म्हणजे दांडा वर-खाली, हलवा. दांड्याच्या टोकावर तळहाताने खालून वर, मग वरून खाली, असे आखूड झटके द्या. पात्याचं एक टोक सुटतं, मग दुसरं. छोटा ओंडका असेल तर कुऱ्हाडीसकट उचलून उलटा करा आणि तुंबा ठोकळ्यावर आपटा. ओंडक्याच्याच वजनाने पातं आणखी आत जातं आणि तो फुटतो. मोठ्या ओंडक्यात रुतली असेल तर त्याच चिरेत थोडं बाजूला पाचर ठोका. कुऱ्हाड आपोआप मोकळी होते.

डोकं सैल होतंय, पाण्यात भिजवून ठेवलं तरी

कुऱ्हाड वारंवार रुतणं आणि उपसणं यामुळेच डोकं सैल होतं, त्यामुळे या दोन तक्रारी जोडीने येतात. डोकं जराही हललं तर त्या कुऱ्हाडीने पुढचा घाव घालू नका. निसटलेलं डोकं कुठेही जाऊ शकतं.

पाण्यात भिजवणं हा सगळ्यांचा आवडता इलाज. लाकूड फुगतं, डोकं घट्ट होतं, मग पुन्हा सैल होतं, आणि आता आधीपेक्षा जास्त. कारण फुगणाऱ्या लाकडाला नेढ्याचं पोलाद हलू देत नाही, त्यामुळे तंतू आतल्या आत चेपतात आणि सुकल्यावर मूळ मापालाही परतत नाहीत. वेळ मारून न्यायला एकदा ठीक, सवय म्हणून नाही.

आधी डोकं खालच्या बाजूला लोंबकळतं धरून कुऱ्हाड हवेत उभी धरा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी हातोडीने ठोका. डोकं जडत्वामुळे जागेवर राहतं आणि दांडा त्यात आणखी घुसतो. पाहताना उलटं वाटतं, पण जमिनीवर आपटण्यापेक्षा हे नक्की काम करतं. त्यानंतर नेढ्याच्या तोंडाशी असलेली पाचर बघा. ती वर आली असेल तर काढून किंचित जाड, सुक्या टणक लाकडाची नवी पाचर ठोका. काही कुऱ्हाडींना पाचर नसते. कुदळीसारखा दांडा वरून घालतात आणि त्याचं जाड टोक नेढ्यात अडकतं. त्या प्रकारात डोकं उडून जायची भीती कमी, आणि सैल झाली तर दांडा वरून पुन्हा ठोकून बसवायचा एवढंच.

तरीही सैलच राहत असेल तर दांडा बदला. नवा दांडा निवडताना त्याचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातात का ते बघा. मध्येच तिरके होऊन बाहेर निघाले असतील तर तो तिथेच मोडणार. टोकावर वाढीची वलयं पात्याच्या पातळीला समांतर असलेली बरी. रंग किंवा वॉर्निश लावलेला चकचकीत दांडा असेल तर तंतू दिसत नाहीत, आणि त्यामुळेच मला तो आवडत नाही. बसवल्यावर जवसाचं तेल पाजा, तोंडाकडून जास्त. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि तशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून सुकवा.

बारीक फाटी फोडताना बोटं

पेटवणाच्या बारीक फाटी करताना माणसं एका हाताने लाकूड उभं धरतात आणि दुसऱ्या हाताने हातकुऱ्हाड मारतात. बोटं जातात ती इथे. पातं आधी लाकडाच्या तोंडावर टेकवा, मग लाकूड आणि कुऱ्हाड दोन्ही एकत्र उचलून ठोकळ्यावर आपटा. घाव हवेत फिरतच नाही. पडणारं लाकूड धरायची वेळ आलीच तर हाताऐवजी काठीने टेकू द्या.

याच भीतीतून न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या शाळकरी मुलीने एक साधन बनवलं. लोखंडी कड्याच्या मध्ये पातं धार वर करून कायमचं बसवलेलं. लाकूड त्यावर उभं ठेवायचं आणि वरून हातोडी मारायची. धार हलतच नाही, हलतो तो बोथट हातोडा. घरात मुलं किंवा वयस्कर माणसं फाटी फोडत असतील तर कुऱ्हाडीच्या आधी याचाच विचार करावा.

आणि एखादा ओंडका असतोच, फांद्यांच्या बेचक्यातला, सगळीकडून पिळलेला, ज्यात दोन पाचरी आणि कुऱ्हाड तिन्ही अडकून बसतात. पाचरी सोडवून घ्या आणि तो बाजूला ठेवा. करवतीने दहा-दहा सेंटिमीटरच्या चकत्या केल्या की त्या फोडाव्या लागत नाहीत, हातोडीच्या एका ठोक्याला गाठीपाशी तुटतात. करवत हाताशी नसेल तर त्याचा पुढचा ठोकळा करा.